काव्याचे लग्न लागले ते वाशीम

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे सहलीस जाणारी जोडपी किल्ल्याइतक्याच आवडीने तेथील लेखकांच्या खुणा पाहतात. शहराच्या मुख्य रेल्वेस्थानकाचे 'वेव्हर्ली' हे नाव सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबऱ्यांवरून आले आहे. जवळच स्कॉट यांचे सुमारे ६१ मीटर उंच, २८७ पायऱ्यांचे स्मारक आहे. युनेस्कोने २००४ मध्ये एडिंबरोला जगातील पहिले 'साहित्य नगर' म्हणून मान्यता दिली. साहित्यासाठी नवराबायकोने मुद्दाम जावे असे एक गाव विदर्भातही आहे. ते म्हणजे वाशीम, अर्थात प्राचीन वत्सगुल्म.

एका विवाहाची कथा

इसवी सन ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथात एक रूपककथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते आणि प्रत्येक प्रदेशात तिथला वेष व नृत्य धारण करते. पूर्वेकडे तो बधत नाही, पांचालात थोडा विरघळतो आणि दक्षिणेकडे आल्यावर पूर्णपणे तिचा होतो. विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो. त्यानंतर हे नवे जोडपे त्याच प्रदेशांतून विहार करीत हिमालयाकडे परतते.

कथेमागचा अर्थ साहित्यशास्त्राचा आहे. गौडी, पांचाली आणि वैदर्भी या काव्यरचनेच्या तीन रीती. त्यांपैकी सुकुमार, प्रसन्न अशा वैदर्भीला राजशेखराने सर्वोच्च मान दिला. त्याच्याच 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात या रीतीला 'वच्छोमी' म्हटले आहे. हे नाव वत्सगुल्मावरूनच आले.

राजा आणि कवी

हा मान वाशीमला उगाच मिळाला नाही. चौथ्या शतकात वाकाटक राजा सर्वसेन याने येथे आपल्या शाखेची राजधानी केली. तो स्वतः कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. मात्र 'ध्वन्यालोक'कार आनंदवर्धनाने त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीम येथेच उजेडात आला आणि या शाखेचा इतिहास पक्क्या पायावर उभा राहिला. याच घराण्यातील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे खोदविले.

दोन दिवसांची सहल

वाशीम अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर आहे; १ जुलै १९९८ पासून ते जिल्ह्याचे मुख्यालय आहे. पहिला दिवस शहरासाठी ठेवावा. वत्स ऋषींच्या कथेशी जोडलेले पद्मतीर्थ आणि भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेले बालाजी मंदिर पाहावे.

दुसऱ्या दिवशी ईशान्येकडील कारंजा गाठावे. 'गुरुचरित्रा'चे नायक नृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान. येथील गुरुमंदिर प्रसिद्ध आहे. येथील जैन ग्रंथभांडारांनी अपभ्रंश काव्यांची हस्तलिखिते शतकानुशतके जपली. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाने १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

एडिंबरोत साहित्याच्या खुणा रस्त्यावर दिसतात. वाशीमच्या खुणा मुख्यतः ताम्रपटांत आणि पोथ्यांत आहेत. त्यामुळे आधी काही वाचल्याशिवाय येथे येणारा प्रवासी देवदर्शन घेऊन परततो आणि वत्सगुल्म त्याला भेटतच नाही. निघण्यापूर्वी राजशेखराची ही कथा माहीत करून घेतली, तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांच्या गावी आल्याचे समाधान मिळेल.