बेल्ट आला, बोल्ट राहिला

भूमहून बार्शीला, परंड्याला किंवा वाशीला जायचं तर एसटीखालोखाल आधार जीपचा. कमांडर असो की ट्रॅक्स, चालकाशेजारी दोघंतिघं, मधल्या सीटवर चौघं आणि मागच्या आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून उरलेले सगळे. मराठवाड्यातली खेडी अशाच गाड्यांतून दवाखान्यात, कॉलेजात, लग्नाला गेली. त्याच काळात देशात सीटबेल्टचा कायदा आला आणि कडक होत गेला. जुन्या गाडीपर्यंत मात्र तो अर्धामुर्धाच पोचला.

आजचा, कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा बेल्ट व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये आणला. कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. त्यांत 1993 मध्ये दुरुस्ती झाली आणि 1994 पासून नव्या गाडीच्या पुढच्या सीटला बेल्ट सक्तीचा झाला. मागच्या सीटची पाळी 2002 मध्ये आली, तीही पुढे तोंड असलेल्या सीटपुरती. दोन्ही वेळा बंधन घातलं ते नवी गाडी बनवणाऱ्यावर. रस्त्यावरच्या गाड्या होत्या तशाच धावत राहिल्या आणि आडवा बाक या हिशेबात आलाच नाही.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने बेल्ट न लावल्याचा दंड 1,000 रुपयांवर नेला. पण दंडापेक्षा अपघातांनीच लोकांना हलवलं. 3 जून 2014 रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. शेजारच्या बीडचा नेता गेल्याने आपल्याकडे हळहळ मोठी झाली, सवय मात्र बदलली नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री तसेच गेले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी सगळ्या प्रवाशांना बेल्ट सक्तीचा केला आणि ज्या गाड्यांत बेल्टच नाहीत त्यांना ते बसवून घ्यायला 1 नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली. जुन्या गाडीत बेल्ट बसवायचा कसा, हा प्रश्न तेव्हा कुठे चर्चेत आला.

बेल्ट बाजारात सहज मिळतो. खरी मेख आहे ती तो अडकवण्याच्या जागेत. ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी आदळून 60 किलोचा माणूस दोन फुटांत थांबला, तर त्याच्या अंगावरचा सरासरी जोरच टनभर होतो. तो सगळा जोर बेल्टमार्गे दोन-तीन बोल्टांवर येतो. नुसत्या पत्र्याला भोक पाडून, लहानसा वायसर घालून कसलेला बोल्ट अशा वेळी पत्र्यासकट उपटून येतो. गंजलेल्या तळाला वेल्डिंगने चिकटवलेली सीट तर माणसाला घेऊनच पुढे जाते.

म्हणून आधी कंपनीनेच ठेवलेल्या आट्यांच्या जागा शोधाव्यात. बऱ्याच गाड्यांत त्या खांबावर आणि सीटखाली, टोपण लावून झाकलेल्या असतात. त्या नसतील तर आतून जाड पोलादी पट्टी देऊन, गंज नसलेल्या मजबूत भागालाच बोल्ट लावावा आणि हे काम कंपनीच्या किंवा जाणत्या वर्कशॉपमध्येच करून घ्यावं. बोल्ट बेल्टसोबत येतो तोच, उच्च ताकदीचा हवा. कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. अपघात झालेल्या गाडीतून काढलेला बेल्ट स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्याचे धागे एकदा ताणले गेलेले असतात. आडव्या बाकाला बेल्ट लावून तो सुरक्षित होत नाही. सीट वाढवणं किंवा फिरवणं हा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा मामला; आरटीओची परवानगी लागते.

तीस वर्षांत कायद्याने बेल्टचा हिशेब ठेवला, बोल्टचा गॅरेजवर सोडला. पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी नोंदणी नव्याने करायला जाते, तेव्हा तपासणी होतेच. त्या दिवसाची वाट न पाहता गाडीखाली वाकून सीटचे आणि बेल्टचे बोल्ट एकदा स्वतः बघा. हलत असतील, गंजले असतील, तर गाडी आधी दुरुस्त करा आणि मगच घरच्यांना बसवा.