बॉयलरला दोन टक्के, गालाला सात

नागपूरजवळच्या कोराडीच्या वीजकेंद्रात 660 मेगावॉटचे तीन संच आहेत, 'सुपरक्रिटिकल' जातीचे. या जातीच्या बॉयलरला ड्रम नसतो. पाणी एका टोकाने शिरतं आणि वाफ होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. मधे मळ साचायला जागाच नाही, म्हणून नळ्या आतून लख्ख लागतात. त्या धुण्याची जगभर रूढ असलेली एक रीत अशी: 2 टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिड, 1 टक्का फॉर्मिक अ‍ॅसिड आणि कढत पाणी. हायड्रोक्लोरिक स्वस्त पडतं, पण त्यातल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला तडे जाऊ शकतात. ग्लायकोलिक थोडंफार आत राहिलं तरी उष्णतेने त्याचा वायू होऊन निघून जातो.

आता ड्रेसिंग टेबलवरची त्याच ग्लायकोलिकची बाटली बघा. 5 टक्के, 7 टक्के, 10 टक्के. काहून बापा, बॉयलरपेक्षा गालाला जास्त? हो, जास्त! फरक एवढाच की तिकडे ते कढत कढत तासन्‌तास नळ्यांतून फिरवतात आणि इकडे कापसाच्या बोळ्याने रात्री एकदा पुसून आपण झोपतो. शिवाय टक्का हा त्या बाटलीवरचा सगळ्यात फसवा आकडा. त्याकडे येऊच.

वर्ष एकच, 1974

कोराडीचा पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या जोडीचा एक शोधनिबंध छापून आला. विषय सौंदर्याचा नव्हताच. माशाच्या खवल्यांसारखी जाड कातडी होते त्या इक्थिओसिस आजारावर त्यांनी कितीतरी रसायनं लावून पाहिली आणि ग्लायकोलिकसारख्या आम्लांनी ती खवली सुटू लागली. सुरकुत्या, डाग, 'ग्लो' हे सगळं नंतर आलं. आज ज्याला 'एएचए' (अल्फा हायड्रॉक्सी अ‍ॅसिड) म्हणून भाव आहे, त्याचा जन्म असा दवाखान्यातला.

आणि हो, हलक्या टक्क्यात ते कातडी 'जाळत' नाही. वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी एकमेकींना धरून असतात, ती पकड ते सैल करतं. एरवीही झडणाऱ्याच पेशी, जरा लवकर झडतात.

मूर्ती लहान

ग्लायकोलिकमध्ये कार्बनचे अणू दोनच, रेणुभार 76. या घराण्यातलं सगळ्यात धाकटं, म्हणून कातडीत सगळ्यात चटकन शिरणारं आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुणचुणणारं. दह्यातलं लॅक्टिक 90, चिंचेतलं टार्टारिक 150, संत्र्यातलं सायट्रिक 192. म्हणजे दही-बेसन लावणारी आजी आणि सीरम लावणारी नात, दोघी एकाच घराण्याच्या गिऱ्हाईक.

नागपूरकर बाईला उटण्यात संत्र्याच्या सालीची पूड घातल्याशिवाय करमत नाही. घाला, वास छान येतो. मात्र थेट लिंबू चोळू नका. त्याचा पीएच 2 ते 2.5, आणि वर सालीत-रसात असे पदार्थ असतात की उन्हात गेल्यावर कातडी भाजून काळे चट्टे उठतात. 'घरगुती म्हणजे निर्धोक' या समजुतीला लिंबाइतकं कुणी खोटं पाडत नाही.

टक्क्याची गंमत

ग्लायकोलिक काम करतं ते 'मोकळं' असताना. द्रावणाचा पीएच 3.8 असला की निम्मं मोकळं, निम्मं बांधलेलं. तोच 4.8 केला की मोकळं उरतं जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून 10 टक्क्यांची एक बाटली गालाला आग लावते आणि 10 टक्क्यांचीच दुसरी नुसती पाण्यासारखी वाटते. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञमंडळाने घरच्या वापरासाठी मर्यादा आखली ती दोन्ही आकड्यांची: जास्तीत जास्त 10 टक्के आणि पीएच 3.5 च्या खाली नाही. आपल्याकडे बाटलीवर टक्का ठळक असतो. पीएच भिंग घेऊन शोधा.

डॉक्टरांकडच्या पीलमध्ये हाच टक्का 20 ते 70 पर्यंत जातो. नाकाच्या कोपऱ्यांत आणि ओठांच्या कडेला आधी व्हॅसलीन. मग ब्रश कपाळावरून सुरू होतो, गाल, हनुवटी. टायमर चालू. मुंग्या चालल्यासारखं होतं, कुणीतरी तोंडावर हातपंखा धरतं, डॉक्टर गालाच्या लालीवर डोळा ठेवून. दोन-चार मिनिटांत सोड्याच्या पाण्याचा बोळा फिरतो आणि गालावर चक्क फेस उठतो, ढोकळ्याच्या पिठात उठतो तसा. फेस थांबला म्हणजे अ‍ॅसिड संपलं. तो सोडा आपला खायचाच. हे पाहून घरी 70 टक्क्यांची बाटली मागवायचा मोह होतो. होऊ देऊ नका.

कोराडीचं ऊन

नवतपा 25 मेच्या सुमारास बसतो. कोराडीचा शून्य सावलीचा दिवसही 26 मेच्या आसपासच. भरदुपारी सूर्य थेट टाळूवर, उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी. अतिनील किरणं तेव्हा भरपूर. आणि आपली लग्नसराई? नेमकी एप्रिल-मे.

अमेरिकेच्या एफडीएच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत चार आठवडे 10 टक्के ग्लायकोलिक लावलेल्या कातडीची अतिनील किरणांबद्दलची संवेदनशीलता 18 टक्क्यांनी वाढली. लावणं थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. म्हणूनच 2005 पासून तिकडे सूचना आहे की बाटलीवर 'उन्हापासून जपा' असं छापावं आणि वापर थांबवल्यावरही आठवडाभर जपावं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीची गोष्ट आणखी वेगळी: ती चिडली की लाली जाते, डाग मागे राहतो. डाग घालवायला गेलं आणि दुप्पट घेऊन आलं, असं होतं ते इथेच. मेमध्ये पीलसाठी खुर्चीत बसलेल्या नवरीला मी तरी उठवून घरी पाठवीन. 'दिवाळीनंतर ये बाई.'

स्कूटीवर डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा गुंडाळणं हे नागपूरच्या पोरींचं कसब वादातीत आहे. पण पातळ, विरळ विणीच्या सुती दुपट्ट्यातून अतिनील किरणं बऱ्यापैकी आत येतात. दाट विणीचा, गडद रंगाचा बरा. आणि त्याखाली सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन पूर्ण रेघांएवढं. वाटाण्याएवढं लावून भागत नाही.

ऊस? हो, आणि नाही

ग्लायकोलिक उसात असतं, हे खरं. पण बाजारातलं बहुतेक कारखान्यात संश्लेषणाने बनतं. एक जुनी रीत तर फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइडपासूनची. तेव्हा रसवंतीचा ग्लास तोंडाला लावा, तोंडावर नको.

हेच रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी केली की धागा होतो. ऑपरेशनला वापरतात ते आपोआप विरघळणारे टाके अनेकदा याच धाग्याचे. 'व्हिक्रिल' हे नाव दवाखान्यात ऐकलं असेल; त्यात 90 टक्के हिस्सा ग्लायकोलिकच्या भाईबंदाचा आणि 10 टक्के लॅक्टिकवाल्याचा. काही आठवड्यांत शरीरातलं पाणी तो धागा तोडून टाकतं, आणि टाके काढायची चक्कर वाचते.