संगणक सुरू होताच नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली का येते?

सकाळी ऑफिसचा संगणक सुरू केल्यावर शेअर्ड ड्राइव्हवर लाल फुली दिसली, म्हणजे फाइल गेल्या असे नव्हे. त्या सर्व्हरवरच असतात. विंडोज लॉगिन होताच ड्राइव्ह जोडायला जाते, पण तोवर वाय-फाय जोडलेले नसते.

उपाय काय?

• ड्राइव्हवर डबल-क्लिक करा. बहुतेकदा तो उघडतो.

• रोजच त्रास होत असेल, तर टास्क शेड्युलरमध्ये लॉगिननंतर ३० सेकंदांनी ड्राइव्ह जोडण्याची कमांड लावा.

• लिनक्समध्ये 'ऑटोमाउंट' वापरा. फोल्डर उघडल्यावरच जोडणी होते.

हे लक्षात ठेवा : लिनक्समध्ये जोडणी नसताना बॅकअप चालला, तर फाइल सर्व्हरऐवजी त्याच संगणकाच्या डिस्कवर साठू शकतात. डिस्क बिघडली, तर बॅकअपही जातो. म्हणून आधी जोडणी तपासा.