बिनसहीचे पंखे

माद्रिदमध्ये दर रविवारी एल रास्त्रो हा जुना बाजार भरतो. तिथे एका टोपलीत घडीच्या पंख्यांचा ढीग होता. छापील पंखे आणि हाताने रंगवलेले पंखे एकत्रच, भावही एकच. ते मनाला लागलं. विकणाऱ्याला फरक कळत नव्हता, की हाताच्या कामाला बाजारात मोलच उरलेलं नाही? हे समजून घ्यायला मी व्हॅलेन्सियाजवळच्या अल्दाया गावी गेले. पंख्यांच्या धंद्याचं हे जुनं ठाणं. पंख्यांचं संग्रहालयही इथे आहे.

कारखान्यात लाकडी काड्या कापणं, घासणं, पॉलिश करणं, कापड डकवणं अशी कामं चालली होती. माझे पाय अडले ते खिडकीपाशी बसलेल्या, साठीच्या घरातल्या एका बाईंजवळ. काळ्या कापडाचा पंखा त्यांनी फळीवर उघडून ठेवला होता. ब्रशच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला पांढरा रंग घेऊन त्या मनगट वळवत, की एकीकडे गडद, दुसरीकडे फिकट अशी अख्खी पाकळी उमटे. देठ कापडावरून थेट खालच्या काड्यांवर उतरत होते. एका गुच्छाला किती वेळ लागतो, असं मी विचारलं.

"वीस मिनिटं," मान वर न करता त्या म्हणाल्या.

हाताचं काम ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. भिंग धरलं की छापील गुलाब ठिपक्यांत विखुरतो. त्यांच्या गुलाबात ब्रशच्या केसांचे ओरखडे दिसतात, आणि ब्रश उचलला त्या जागी रंगाचा बारीकसा उंचवटा राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या कागदी पंख्यांना मात्र जपून पाहावं लागतं. १७९६ च्या सुमारास जर्मनीत लिथोग्राफीचा शोध लागला आणि पुढे पंख्यांवरची चित्रं दगडावरून छापून वर हाताने रंग भरू लागले. रेघ छापील, रंग हाताचा. तसा एक पंखा बाईंनी मला दाखवला. नाचणाऱ्या मुलीच्या गालावरची लाली छापील रेघ ओलांडून कानापर्यंत गेली होती. ती भरणाऱ्याचं नाव पंख्यावर कुठेच नव्हतं.

किंमत कशी ठरते ते शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने दाखवलं. त्याने चित्राआधी काड्या पाहिल्या. हाडावर बारीक काळसर छिद्रं दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा, तर प्लास्टिकवर साच्याची शिवण. शिंपला हाताला गार लागतो. कोरीव जाळीची भोकं तंतोतंत सारखी असतील तर ती यंत्राने पाडलेली. मग घडीवर चीर आहे का, एखादी काडी बदलली आहे का, मूळ पेटी आहे का, सही आहे का. आफ्रिकी हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं १९८९ मध्ये ठरलं, तेव्हा हस्तिदंती काड्या निघाल्या तर कायद्याचीही चौकशी आली.

विसाव्या शतकातले फुलांचे लाकडी पंखे त्याने बाजूला सारले. "शोभेचे. असे ढिगाने मिळतात." मी त्याला त्या वीस मिनिटांबद्दल सांगितलं.

"मग झालंच की," तो म्हणाला. "वीस मिनिटं!"

बाजाराच्या हिशेबाने त्याचं चुकत नाही. दुर्मीळ ते महाग, ढिगाने मिळेल ते स्वस्त. मला मात्र हा हिशेब अपुरा वाटतो. हस्तिदंताचं मोल हत्तीचं, शिंपल्याचं समुद्राचं. माणसाने स्वतःचं म्हणून पंख्यात जे घातलं, ते त्या वीस मिनिटांत आहे. त्या अवधीत न डगमगता, न पुसता गुच्छ उभा करणारं मनगट एका दिवसात घडत नाही. काम झपाट्याने होतं म्हणून ते हलकं धरायचं, हा त्या कसबावर अन्याय आहे.

बाई सही का करत नाहीत? "कुणी मागितली तर करते," त्या म्हणाल्या. "मागत नाही कुणी."

व्यापाऱ्याच्या प्रश्नांत सही होती, हे मला इथे महत्त्वाचं वाटतं. सही असली की तोच पंखा ढिगातून वेगळा निघतो आणि तो कुणी रंगवला याचा माग काढता येतो. तेव्हा स्पेनमध्ये हाताने रंगवलेला पंखा घेणाऱ्याने घासाघीस करण्याआधी एवढं करावं: तो कुणी रंगवला ते विचारावं, आणि रंगवणारी समोर असेल तर तिची सही मागावी.