सूची असूनही शोध का रखडतो?

शब्दकोशात ‘नदी’ हा शब्द शोधावयास क्षणाचाही विलंब लागत नाही. परंतु ‘ळ’ने संपणारे सर्व शब्द काढा, असे कोणी सांगितले, तर तोच कोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळावा लागेल. दोष कोशाचा नव्हे. आपला प्रश्न त्याच्या क्रमाशी जुळत नाही, एवढेच. संगणकाचेही असेच आहे.

समजा, अनेक शाळांतील लक्षावधी विद्यार्थ्यांच्या नोंदी एका तक्त्यात साठविल्या आहेत. निवृत्तिवेतनासाठी जन्मतारखेचा पुरावा हवा असलेले एक गृहस्थ येतात. आडनाव नाईक, नाव गजानन, जन्मवर्ष १९६५ ते १९७० यांच्या दरम्यान. संगणकास विचारलेल्या अशा प्रश्नास ‘क्वेरी’ म्हणतात. उत्तर त्वरित मिळावे म्हणून केलेल्या क्रमवार सूचीस ‘इंडेक्स’. येथे सूची आडनाव, जन्मवर्ष, नाव या क्रमाने केलेली आहे. तरीही शोध रखडतो. असे का व्हावे?

बहुतेक सूची बायर व मॅक्राइट यांनी १९७० साली मांडलेल्या ‘बी-ट्री’ या रचनेच्या असतात, आणि तिचे सारे सामर्थ्य क्रमात आहे. सूचीत सर्व नाईक एकत्र सापडतात. त्यांत १९६५ चे नाईक अनंतापासून विठ्ठलापर्यंत ओळीने येतात. पण १९६६ लागताच पुन्हा अनंतापासून आरंभ! सहा वर्षांतले गजानन असे सहा ठिकाणी विखुरलेले. म्हणून संगणक सामान्यतः पहिल्या दोन रकान्यांच्या आधारे शोध आखडता घेतो आणि पुढे त्या सहा वर्षांतील प्रत्येक नाईकाचे नाव तपासीत बसतो. सूची वापरली गेली, परंतु अर्धवट.

उपाय सोपा आहे. आडनाव, नाव आणि शेवटी जन्मवर्ष असा क्रम लावावा. ज्याचे मूल्य निश्चित, ते आधी; ज्याला ‘येथपासून तेथपर्यंत’ अशी मर्यादा, ते शेवटी. मग सारे गजानन नाईक एकत्र येतात, तेही वर्षांच्या क्रमाने.

आणखी काही चुका टाळाव्यात. आडनाव न देता केवळ नाव विचारले, तर सूचीचे दारच बंद होते. ‘शिरोड’ने आरंभ होणारी आडनावे चटकन मिळतात, ‘कर’ने संपणारी मिळत नाहीत. जन्मतारखेची सूची असेल, तर ‘तारखेतून काढलेले वर्ष १९६८’ असे न विचारता ‘१ जानेवारी १९६८ पासून १ जानेवारी १९६९ च्या आधीपर्यंत’ असे विचारावे. कारण सूचीत तारखा आहेत, त्यांतून काढलेली वर्षे नव्हेत.

निदान कसे करावे? ‘मायएसक्यूएल’मध्ये क्वेरीच्या आरंभी ‘एक्स्प्लेन’ हा शब्द लिहिला असता संगणक आपली योजना सांगतो. तीत ‘की_लेन’ या रकान्यातील बाइटांच्या आकड्यावरून सूचीचा किती भाग उपयोगी पडला, ते कळते.

विद्यार्थिमित्रहो, सूची केली म्हणजे काम संपले, असे समजू नये. लोक कोणता प्रश्न घेऊन येणार, हे आधी ओळखावे आणि मग क्रम ठरवावा. म्हणजे दाराशी आलेल्या त्या गृहस्थांस ताटकळावे लागणार नाही.