रिमोल्ड टायर: बचत खरी, पण केसिंग पाहून

नवा माणूस ट्रक घेतो तेव्हा हप्ता आणि डिझेलचा हिशोब त्याला पाठ असतो. टायरचा नसतो. दहा चाकी गाडीचे टायर एकदम संपतात, तेव्हा डोळे उघडतात. म्हणून आज रिमोल्डबद्दल, म्हणजे रबर चढवलेल्या टायरबद्दल बोलू.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, अकोल्याच्या उन्हात ते टायर फुटते ना?" प्रश्न बरोबर आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, डांबर त्याहून तापतं. त्यात 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला हायवेवर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा थर टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता चांगला झाला की गाड्या वेगात जातात, आणि वेगानं टायर अजून तापतो.

पण कडेला पडलेले रबराचे फाटके पट्टे दिसले की सगळे रिमोल्डलाच शिव्या देतात, ते काही खरं नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं तिथल्या रस्ता सुरक्षा खात्यासाठी असे तुकडे गोळा करून तपासले, 2008 साली अहवाल आला. रस्त्यावर रिमोल्ड जितक्या प्रमाणात धावत होते, साधारण तितक्याच प्रमाणात त्यांचे तुकडे सापडले. टायर जाण्याची मोठी कारणं निघाली ती रस्त्यावरच्या टोकदार वस्तू आणि जास्तीची उष्णता. हवा कमी असली किंवा माल जास्त भरला, की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि आतून तापते. विमानाच्या टायरवरही रबर चढवतात, तेही अनेकदा.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या गावचा भाव टाकून पाहा. नवा टायर 20,000 रुपयांचा, चालला 80,000 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 25 पैसे. रिमोल्डला 6,500 लागले, चालला 50,000, म्हणजे 13 पैसे. मागच्या आठ चाकांवर 50,000 किलोमीटरमध्ये 48,000 रुपये वाचतात. बाप्पा, कितीतरी गाड्यांचा तो एक हप्ता झाला! पण मूर्तिजापूरजवळ भरल्या गाडीचा टायर गेला, दिवस बुडाला, केसिंगही गेलं, तर यातले बरेच पैसे परत जातात.

म्हणून केसिंग, म्हणजे जुन्या टायरचा सांगाडा, नीट पाहायचा. गुळगुळीत होईपर्यंत घासू नका, 3 मिलिमीटर नक्षी उरली की काढा. बाजूवर शेवटचे चार अंक असतात: 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. फार जुना, बाजूला फुगलेला, तार दिसणारा टायर परत पाठवा. कोल्ड प्रोसेसमध्ये जुना थर खरवडून, कुशन गम लावून, नक्षीचा तयार पट्टा बसवतात आणि चेंबरमध्ये साधारण 100 अंशांवर पक्का करतात. सांगाडाच मेलेला असेल तर वरचं रबर काय करणार?

पुढच्या चाकांना मात्र नवाच टायर. मागे जोडीतला एक गेला तर दुसरा थोडा वेळ गाडी धरतो, पुढे तो एकटाच असतो. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावायला कायद्यानंच बंदी आहे. मागच्या जोडीतही उंची सारखी हवी, नाहीतर मोठ्यावर सगळा भार येतो.

ज्यांना यात धंदा दिसतो त्यांनी लगेच प्लांट टाकायची घाई करू नये. बफिंग मशीन, कॉम्प्रेसर, चेंबर यात पैसा अडकतो, आणि चेंबर अर्धा रिकामा चालला तरी खर्च जवळपास तोच लागतो. आधी कलेक्शन करून पाहा. अकोल्याच्या दाल मिल, जिनिंगवर येणाऱ्या गाड्या, बडनेऱ्याचे ट्रान्सपोर्टवाले, यांचे टायर गोळा करून चालू प्लांटला द्या आणि मधलं कमिशन घ्या. महिन्याला किती टायर हाती येतात आणि उधारी किती दिवसांनी सुटते, ते सहा महिन्यांत कळतं. टायर उचलताना मात्र त्याचा नंबर पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. प्लांटमधून परत येताना केसिंग बदललं, तर भांडण तुमच्या दारात येतं.