०२५० ते ४०४ : एक्स.२५च्या अजब गमती

तुमच्या सिम कार्डात एक पंधरा आकडी क्रमांक दडलेला असतो. तो तुमचा मोबाइल नंबर नव्हे. मोबाइलचं जाळं तुम्हाला ज्या क्रमांकाने ओळखतं, तो हा. भारतातल्या कंपनीचं सिम असेल तर त्याचे पहिले तीन आकडे ४०४ किंवा ४०५ असतात. यातला ४०४ मोबाइल देशात येण्याच्या कितीतरी आधी भारताच्या वाट्याला आला होता, तोही फोनसाठी नाही, संगणकांसाठी. माहिती छोट्या पॅकेटांत वाटून नेणाऱ्या एक्स.२५ नावाच्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला चौदा आकड्यांपर्यंतचा पत्ता मिळायचा. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, चौथा त्या देशातल्या जाळ्याचा. मोबाइलवाल्यांनी पुढे देशांचे क्रमांक ठरवताना हीच यादी डोळ्यांपुढे ठेवली. म्हणून विरार लोकलमध्ये डब्याला लटकून रील बघणाऱ्या पोराच्या खिशातही एक्स.२५चा ठसा आहे.

दोन आडनावं, एक लग्न

एक्स.२५ला मान्यता मिळाली १९७६ साली. जगभरच्या टेलिफोन खात्यांची जिनिव्हातली संघटना, सीसीआयटीटी, तिने ते प्रमाण ठरवलं. त्यामागे फ्रान्सचे रेमी देप्रे होते आणि इंटरनेटच्या पूर्वजाची, आर्पानेटची, उभारणी करून पुढे टेलिनेट कंपनी चालवणारे लॅरी रॉबर्ट्स होते. आयएसडीएन हे डिजिटल फोनलाइनचं तंत्र त्यानंतरचं. त्याची पहिली प्रमाणं १९८४ सालची. घरातली तीच तांब्याची जोडतार, पण तिच्यावरून आवाज आणि माहिती दोन्ही आकड्यांच्या रूपात. या दोघांची सोयरीक जुळवणारं प्रमाण म्हणजे एक्स.३१. जुन्या पॅकेट जाळ्याला नव्या डिजिटल फोनलाइनवरून कसं जायचं, हे त्यात कलमवार लिहिलं आहे.

एका तारेत तीन वाटा

आयएसडीएनची साधी लाइन म्हणजे ६४ किलोबिटचे दोन बी चॅनेल आणि १६ किलोबिटचा एक डी चॅनेल. एकूण १४४. एका बी चॅनेलवर बोला, दुसऱ्यावर माहिती पाठवा. डी चॅनेलचं मुख्य काम निरोप्याचं: कोणाचा फोन आला, कोणाला लावायचा, कधी तोडायचा. पण फोन काही दिवसभर वाजत नाही. मग हा निरोप्या बराच वेळ रिकामाच. एक्स.३१ने त्यालाच जादा काम दिलं: मोकळ्या वेळात एक्स.२५ची पॅकेटंही ने.

याचा फायदा फार मोठा. डी चॅनेल सतत चालू असतो, त्यामुळे नंबर फिरवण्याची गरज नाही आणि जोडणीची वाट बघणं नाही. युरोपातल्या दुकानांत कार्ड घासण्याची यंत्रं याच वाटेने बँकेशी बोलायची. वेग जेमतेम ९.६ किलोबिट, पण कार्डाच्या खातरजमेला तेवढा पुरून उरतो. ‘सतत जोडलेलं’ असणं ही ब्रॉडबँडची देणगी, असं आपण मानतो. तांब्याच्या तारेवर ते त्याआधीच आलं होतं.

आणखी एक नजाकत. एक्स.२५मध्ये ‘फास्ट सिलेक्ट’ नावाची सोय होती. कॉल लावण्याच्या विनंतीतच १२८ बाइटपर्यंत मजकूर घालता यायचा आणि समोरचा नकार देतानाच उत्तरही पाठवू शकायचा. म्हणजे कॉल जुळलाच नाही, पण काम झालं! मिस्ड कॉलवर संसार चालवणाऱ्या आपल्या देशाला ही युक्ती कळायला वेळ लागू नये.

घमेल्यांची रांग

विरारमध्ये इमारतीचा स्लॅब पडताना बघितला आहे? पंप पोचत नाही तिथे माणसांची रांग उभी राहते आणि घमेलं हातोहात वर जातं. पुढच्याने नीट धरलं, याची खात्री झाल्याशिवाय मागचा हात सोडत नाही. एक्स.२५चं अगदी असंच. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर पॅकेट तपासलं जातं, बिघडलं असेल तर तिथल्या तिथे पुन्हा मागवलं जातं आणि मगच पुढे जातं. पॅकेटं ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने पोचतात, कारण सुरुवातीलाच वाट ठरलेली असते.

आजचं इंटरनेट याच्या उलट वागतं. मधले टप्पे पॅकेट पुढे ढकलतात आणि हरवलं-सापडलं ते दोन्ही टोकांच्या संगणकांनी निस्तरायचं. फायबरवर हे शोभतं, कारण तिथे चुका क्वचितच होतात. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातली तांब्याची केबल आठवा. जॉइंटमध्ये पावसाचं पाणी, लाइनवर खरखर, बोलता बोलता मध्येच तिसऱ्याचा आवाज. अशा लाइनवर भरवशाने माहिती न्यायची तर पावलोपावली तपासणी हवीच. एक्स.२५ला नंतर अनेकांनी ‘संथ’ आणि ‘अवजड’ म्हणून हिणवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या तारा हाताशी होत्या, त्यांच्यासाठी तेच योग्य होतं.

वसईची खाडी ओलांडली की एसटीडी

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. रुळांनी विरार मुंबईला कधीचं जोडलं. टेलिफोनचा हिशेब मात्र वेगळा. मुंबईचा कोड ०२२ आणि कारभार तेव्हा एमटीएनएलचा. वसई-विरारचा कोड ०२५० आणि कारभार आधी दूरसंचार खात्याचा, २००० सालापासून बीएसएनएलचा. रोज सकाळी चर्चगेटला जाणाऱ्या माणसाने घरून ऑफिसला फोन करायचा म्हणजे तेव्हा एसटीडी!

सार्वजनिक पॅकेट जाळ्यांचा हिशेब याहून निराळा असायचा. तिथे किती अंतर यापेक्षा किती माहिती, हे मोजलं जायचं. मोजमापाचं एकक होतं ‘सेगमेंट’, म्हणजे ६४ बाइट. देशातल्या देशात शेजारच्या गावी पाठवा नाहीतर हजार किलोमीटरवर, बऱ्याच देशांत दर एकच. शिवाय ‘रिव्हर्स चार्जिंग’ होतंच: पैसे समोरच्याने भरायचे. भारतातही नव्वदच्या दशकात दूरसंचार खात्याचं आय-नेट आणि विदेश संचार निगमची गेटवे पॅकेट स्विचिंग सेवा, अशी एक्स.२५ची दोन जाळी होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचारने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा संगणक जोडणाऱ्या मंडळींना पॅकेटची सवय आधीपासून होती.

शेअर बाजाराचा कणा

आपल्या घराजवळचं एक्स.२५चं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं विचाराल तर माझं उत्तर एकच: राष्ट्रीय शेअर बाजार.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी मुंबईत एनएसईने शेअर्सचे व्यवहार सुरू केले. त्याआधी शेअर बाजार म्हणजे दलाल स्ट्रीट, आरडाओरडा आणि हातांच्या खुणा. एनएसईने दलालाला जागेवरून उठायलाच लावलं नाही. तो आपल्या गावी, आपल्या टेबलावरच्या संगणकावर सौदा टाकणार आणि तो मुंबईतल्या स्ट्रेटस कंपनीच्या, बंद न पडणाऱ्या जातीच्या मोठ्या संगणकावर जुळणार. मधला रस्ता होता उपग्रहाशी बोलणारी छपरावरची व्हीसॅट डिश किंवा ६४ किलोबिटची लीज लाइन. त्या रस्त्यावरची भाषा होती एक्स.२५. वर्षभरातच एनएसईने उलाढालीत १८७५ सालच्या मुंबई शेअर बाजाराला मागे टाकलं. गावोगावच्या गच्च्यांवर डिश दिसू लागल्या आणि ‘बाजार मुंबईत आहे’ या वाक्याला अर्थच उरला नाही. याचं श्रेय संगणकाला मिळालं, संचालकांना मिळालं, ते योग्यच आहे. हरवलेला सौदा पुन्हा मागवून क्रमाने पोचवणाऱ्या त्या मुक्या प्रमाणाचं नाव मात्र कोणी घेतलं नाही.

इथे एक गणित करून बघण्यासारखं आहे. एक्स.२५मध्ये पॅकेट सहसा १२८ बाइटचं आणि ‘विंडो’ दोनची, म्हणजे पोच येईपर्यंत दोनच पॅकेटं वाटेत असू शकतात. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर. पॅकेट वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, पोच परत यायला आणखी पाव. अर्ध्या सेकंदाला २५६ बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण ४ किलोबिट. लाइन ६४ची असली तरी ६० वाया! म्हणून उपग्रहावर विंडो मोठी करावी लागते. त्यासाठी पॅकेटांची मोजणी आठाऐवजी १२८पर्यंत नेण्याची सोय प्रमाणातच आहे. जमिनीवरच्या आयएसडीएनवर हा प्रश्न जवळपास उद्भवत नाही, कारण पोच क्षणात परत येते.

जोडणी करायची तर

समजा, आयएसडीएन लाइन घेतली. कंपनीचा माणूस भिंतीवर एनटी-१ नावाची डबी लावतो. तिच्यापुढे एकाच वायरवर आठ उपकरणांपर्यंत जोडता येतात. बी चॅनेलने जायचं असेल तर राउटर आधी साधा आयएसडीएन कॉल लावतो, पॅकेट जाळ्याच्या दाराशी पोचतो आणि मग आत एक्स.२५चा दुसरा कॉल लावतो. फोनच्या आत फोन. दोन वेगळे नंबर, दोन वेगळे ‘हॅलो’. म्हणूनच बिघाड शोधताना आधी विचारायचं: कुठला कॉल लागला नाही, बाहेरचा की आतला?

डी चॅनेलने जायचं असेल तर बाहेरचा कॉल नसतोच. तिथे उपकरणाचा ‘टीईआय’, म्हणजे ओळख क्रमांक, जाळ्याशी ठरवून घ्यावा लागतो. ० ते ६३ हे हाताने ठरवायचे, ६४ ते १२६ एक्स्चेंज आपोआप देतं, १२७ सगळ्यांना मिळून हाक मारायला. पॅकेटांची चिठ्ठी वेगळी ओळखू यावी म्हणून तिच्यावर १६चा शिक्का, फोनच्या निरोपावर शून्याचा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक अगदी बारकी असते. एक्स.२५मध्ये एक टोक ‘डीटीई’, म्हणजे ग्राहक, आणि दुसरं ‘डीसीई’, म्हणजे जाळं. दोन राउटर थेट एकमेकांना जोडले आणि दोघांवरही डीटीईच राहिलं, तर दिवे लागतात, आयएसडीएन कॉल लागतो, पण वरचा थर उठतच नाही. दोघंही ग्राहक, दुकानदार कोणीच नाही! त्यानंतरच्या तपासण्या म्हणजे लॉजिकल चॅनेलचे आकडे, पॅकेटचा आकार आणि विंडो. हे दोन्हीकडे सारखं हवं.

चुकलंच तर एक्स.२५ गप्प बसत नाही. कॉल तोडताना कारणाचा आकडा देतं: समोरचा व्यग्र, समोरचं यंत्र बंद, जाळ्यात गर्दी, प्रवेशाला मनाई, किंवा ‘पैसे मी भरणार नाही’. वायफायच्या गोल फिरणाऱ्या चक्रीपेक्षा हे मला कितीतरी सभ्य वाटतं.

भारनियमनातही हॅलो

एनटी-१ला घरातल्या विजेची गरज असते. ती गेली तर? आयएसडीएन बनवणाऱ्यांनी त्याचाही विचार केला होता. वीज गेली की एक्स्चेंजकडून तांब्याच्या तारेतून येणारी थोडी वीज एका फोनला मिळते, बाकीची उपकरणं गप्प. हा एक फोन कुठला, ते तुम्ही आधीच ठरवून ठेवायचं. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या वसई-विरारकराला या सोयीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. आजच्या फायबर मोडेमला अशी सोय नाही. इन्व्हर्टर नसेल तर लँडलाइनही बंद.

निरोपाची वेळ

फ्रान्सचं मिनिटेल हे एक्स.२५चं सर्वांत लाडकं अपत्य. रेल्वेचं तिकीट, टेलिफोन डिरेक्टरी, गप्पा, सगळं एका छोट्या पडद्यावर. ते ३० जून २०१२ रोजी बंद झालं. लिनक्समधला आयएसडीएनचा जुना भाग २०१९ साली काढून टाकला गेला. जपानमध्ये एनटीटीने आयएसडीएनची डिजिटल माहितीसेवा २०२४ सालापासून गुंडाळायला घेतली. ब्रिटनने आयएसडीएन पूर्ण थांबवण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठेवली आहे.

आपल्याकडे या लाइन चालवणारी माणसंच आधी निघून गेली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे ७५ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. जॉइंट कुठे भिजतो, कुठल्या एक्स्चेंजमध्ये कोणतं कार्ड होतं, कॉल तुटला तर पहिल्यांदा काय बघायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर फारच थोडं. विरार, नालासोपारा, वसई, पालघर इथे तुमच्या सोसायटीत असे कोणी काका-काकू असतील, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. जुन्या आयएसडीएन लाइनबद्दल, आय-नेटबद्दल, शेअर दलालाच्या गच्चीवरच्या डिशबद्दल विचारा. ते जे सांगतील ते रेकॉर्ड करा आणि मराठीत लिहून ठेवा.